भिंतीवर आमचं कर्तव्य लिहून झालं, आता तुमचं लिहा

प्रति,
स्वच्छतेच्या मोहिमांचा मजकूर ठरवणारे अधिकारी, त्यांचे सल्लागार, जाहिरात एजन्सीतले लेखक आणि 'जनजागृती' या नावाखालची बिलं पास करणारे सर्वजण

साहेब, मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मी अक्षरं रंगवणारा पेंटर आहे. तुम्ही ऑफिसात जो मजकूर मंजूर करता, तो शेवटी माझ्यासारख्याच्या ब्रशातून भिंतीवर उतरतो. फ्लेक्स आले तेव्हा आमचा धंदा बसला. दुकानांच्या पाट्या गेल्या, निवडणुकीच्या भिंती गेल्या, टेम्पोच्या फाळक्यावरची नावंसुद्धा स्टिकरवर गेली. स्वच्छ सर्वेक्षण, म्हणजे शहरांना स्वच्छतेचे नंबर देणारी सरकारी पाहणी, सुरू झालं आणि थोडं काम परत आलं, हे नाकारत नाही. विटाव्यापासून घणसोलीपर्यंत रेल्वेकडेच्या भिंती, नाल्यांचे कठडे आणि सार्वजनिक संडास यांवर जी वाक्यं दिसतात, त्यांतली बरीच माझ्या हातची आहेत. आणि मी राहतो त्याच पट्ट्यात, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याला, घरात संडास नसलेल्या खोलीत.

आमची वस्ती कोणत्या पालिकेत येते ते मुद्दाम लिहीत नाही. विटावा एका पालिकेत, त्याला चिकटलेला दिघा दुसऱ्या. मधूनमधून रेल्वे, एमआयडीसी आणि वन खात्याच्या जमिनी. एकाचं नाव घेतलं की बाकीचे हात झटकून मोकळे होतात, म्हणून कुणाचंच घेत नाही.

लिहायला बसलो ते एका उत्तरामुळे. आमच्या वस्तीतल्या संडासाची बाहेरची भिंत यंदा पुन्हा रंगवायची ऑर्डर निघाली. जुना रंग धड आहे, अक्षरं शाबूत आहेत, तरी निघाली. त्याच सुमाराला वस्तीतल्या बायकांच्या अर्जाचं उत्तर आलं. त्यांनी मागितलं होतं एवढंच: दारांना कड्या, आत दिवे, छतावर पाण्याची टाकी. उत्तर असं की जनजागृतीचा निधी दुरुस्तीला वापरता येत नाही, हेड (खर्चाचं खातं) वेगळं आहे, आणि दुरुस्तीच्या हेडमध्ये सध्या तरतूद नाही. म्हणजे दार बंद ठेवा असं दारावर लिहायला पैसे आहेत, दाराला कडी बसवायला नाहीत.

ते दार कसं आहे ते सांगतो, कारण ते तुमच्यापैकी कुणी आतून पाहिलं नसणार. बायकांच्या बाजूची आतली भिंत रंगवायला भर दुपारी गेलो होतो, केअरटेकरने तेवढ्यापुरतं बाहेरून कुलूप घातलं होतं. कडीच्या जागी दोन भोकं आणि गंजलेला एक स्क्रू. एका भोकातून साडीचा फाडलेला काठ ओवलेला, गाठीवर गाठ मारलेली. चौकटीला आतून खिळा ठोकलेला. आत गेलं की तो काठ खिळ्याला गुंडाळायचा आणि बसल्या बसल्या एका हाताने ताणून धरायचा, कारण दार बिजागरीतून बाहेर कललेलं आहे, हात सैल पडला की उघडतं. त्या खिळ्याच्या बरंच खाली आणखी एक खिळा होता. तो कशाला, हे मला आधी कळलं नाही. मग लक्षात आलं, लहान मुलींचा हात वरच्या खिळ्यापर्यंत पोचत नाही. त्याच दारावर बाहेरून मी पिवळ्यावर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं की शौचालयाचं दार बंद ठेवा, आजारांना दूर ठेवा. ज्या कुणी त्या उंचीवर दुसरा खिळा ठोकला, त्या बाईला दार बंद ठेवायचं महत्त्व समजावून सांगायची माझी तरी छाती नाही.

२०१७ मध्ये 'दरवाजा बंद' मोहीम आली, अमिताभ बच्चन टीव्हीवरून सांगायचे. मोहीम वाईट नव्हती. खेड्यात बऱ्याच घरी संडास बांधून झाले होते आणि कित्येक माणसं ते वापरत नव्हती. तिथं त्या सांगण्याला अर्थ होता. पण खेड्यासाठी शिजवलेलं तुम्ही आमच्याकडे तसंच वाढलंत. आमच्याकडे संडास नाकारणारा माणूस शोधूनही सापडत नाही. सकाळी सहाला रांगेत उभी असलेली माणसं मोजा, आणि मग सांगा की या लोकांना संडास वापरायचं पटवून द्यायची गरज आहे.

भिंत रंगवताना पाठीमागे माणसं थांबतात. पेंटर म्हणजे पालिकेचाच माणूस असं त्यांना वाटतं, म्हणून विचारतात. काय विचारतात ते तुमच्या सर्वेक्षणात येत नाही, म्हणून इथं लिहितो. रात्री किती वाजेपर्यंत उघडं असतं? आज पाणी आहे का? मागची टाकी भरून वाहतेय, सक्शनची गाडी कुणाला सांगायची? महिन्याचा पास कुटुंबाचा की माणशी? पोराचे पैसे घ्यायचे असतात का, केअरटेकर घेतो? आणि एक प्रश्न तर हमखास: घरात बांधायचा म्हटलं तर परवानगी मिळते का, कोण देतं? उघड्यावर का बसू नये, हे मला आजवर कुणीही विचारलेलं नाही. आणि भिंतीवर मी नेमकं त्याच न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लिहीत असतो.

त्या परवानगीच्या प्रश्नाचं उत्तर माहीत असतं तर मी फुकट रंगवलं असतं. ते पुढे एका तरुण समाजसेविकेकडून कळलं. २०१४ च्या स्वच्छ भारत मिशनच्या शहरी मार्गदर्शक सूचनांत लिहिलंय की झोपडपट्टी अधिकृत असो वा नसो, जमिनीच्या मालकीचा प्रश्न शौचालयाच्या लाभाआड येऊ द्यायचा नाही. घरगुती संडासासाठी केंद्राचा वाटा ४,००० रुपये होता, राज्याचा त्याहून वेगळा. ज्यांच्याकडे जागाच नाही त्यांच्यासाठी सामुदायिक शौचालय, तेही ५०० मीटरच्या आत. ३५ पुरुषांमागे एक सीट, २५ बायकांमागे एक सीट. यातलं एक अक्षरही आमच्या वस्तीच्या कुठल्याही भिंतीवर आलं नाही. आमच्या गल्लीत ज्यांना खरंच बांधता आलं असतं, अशी घरं आहेत. 'तुमची जागा एमआयडीसीची, तुम्हाला नाही मिळणार' हे त्यांना कुणीतरी काउंटरवर तोंडी सांगितलं आणि त्यांनी विषय सोडला. संदेश पोचवायला तुम्ही कमी पडता असं मी म्हणणार नाही. जो संदेश पोचला तर लोक काहीतरी मागतील, तो पोचवायचा राहून जातो.

ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्याचा शहरी भाग हागणदारीमुक्त जाहीर झाला. त्यानंतर आमची पंचाईत वाढली. जे संपलं म्हणून जाहीर झालं, त्याची तक्रार कोण घेणार? 'रुळाकडेला लोक बसतात' असं लेखी दिलं तर शिक्का मारायला कुणी तयार होत नाही. खरं तर पुढच्या पायऱ्या तुम्हीच आखल्या आहेत. ओडीएफ म्हणजे हागणदारीमुक्त. ओडीएफ प्लस म्हणजे सामुदायिक आणि सार्वजनिक शौचालयं चालू आणि नीट राखलेली असली पाहिजेत. ओडीएफ प्लस प्लस म्हणजे मैल्याची आणि सांडपाण्याची सुरक्षित विल्हेवाट लागली पाहिजे. मग कडी, दिवा आणि पाणी हे मिशनच्या बाहेरचं कसं झालं? नवी मुंबई २०२३ च्या सर्वेक्षणात देशात तिसरी आली, आणि पामबीच रोडवरून जाताना ते खोटं वाटत नाही. मुद्दा आमच्या गल्लीतून जातानाचा आहे.

आता लाजेबद्दल.

उघड्यावर बसणाऱ्यांना पकडायला पहाटे शिट्ट्या वाजवणारी माणसं परत आणायचं घाटतंय असं ऐकतो. गुड मॉर्निंग पथक आम्ही पाहिलंय. डबा घेऊन निघालेल्या म्हाताऱ्याला गुलाबाचं फूल देऊन त्याचा फोटो काढायचा, बसलेल्या माणसावर टॉर्च मारायची. हे कुठून आलं, याची थोडी माहिती काढली. बांगलादेशात २००० च्या आगेमागे कमल कार नावाच्या तज्ज्ञाने एक पद्धत सुरू केली. गावकऱ्यांना एकत्र बसवून त्यांच्याकडूनच जमिनीवर गावाचा नकाशा काढून घ्यायचा, कोण कुठं बसतं त्या जागा दाखवायला लावायच्या, गावातून फेरी मारायची. एक केस मैल्याला लावून पाण्याच्या ग्लासात बुडवायचा आणि विचारायचं, आता हे पाणी कोण पिणार? कुणी पीत नाही. मग माश्यांचे पाय केसापेक्षा किती जास्त मैला उचलतात ते लोक आपलं आपण ताडतात. यातलं खरं बळ लोकांनी स्वतः हिशेब लावण्यात आहे. आपल्याकडे येता येता हिशेब गळला आणि लाज तेवढी राहिली.

आणि लाजेवरही बोलतो. माझं गाव सांगोला तालुक्यात. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ मध्ये सुरू झालं तेव्हा गावात काय उत्साह होता ते मी पाहिलंय. तिथं ज्याला लाज वाटली, त्याच्या परसात चार बाय चार फूट जागा होती. त्याला खड्डा घेता येत होता. आमच्याकडे लाज वाटलेल्या माणसाने करायचं काय? दहा बाय दहाची खोली, खाली कातळ, समोरची गल्ली इतकी अरुंद की तिरडीसुद्धा तिरकी करून काढावी लागते. त्याच्या लाजेतून संडास उभा राहणार नाही. तो एवढंच करील की तुमच्या पथकाच्या आधी, आणखी अंधारात जाईल. बायका आधीपासून तेच करतात. दुपारपासून पाणी कमी पितात, जेवण आवरतं घेतात, कारण रात्री अकरानंतर आमच्या संडासाला कुलूप असतं. लघवी धरून ठेवल्याने होणारा जंतुसंसर्ग हा आमच्या गल्लीतल्या डॉक्टरच्या रोजच्या कमाईचा भाग आहे.

तरीही बाहेर जातात ते कोण, हे एकदा नीट विचारा. एका खोलीत आठ-दहाजण राहणारी, शिफ्टवरून उलट्या वेळी येणारी बाहेरगावची पोरं. खाणीच्या बाजूला राहणारी कुटुंबं, ज्यांना संडासापर्यंत यायला मोठा रस्ता ओलांडावा लागतो. गुडघे गेलेले म्हातारे, ज्यांना भारतीय पद्धतीच्या सीटवर बसता येत नाही. एका घरात प्लॅस्टिकच्या खुर्चीला मधोमध गोल कापून खाली बादली ठेवलेली मी पाहिली आहे. लहान मुलं, ज्यांना त्या मोठ्या भांड्यात पडायची भीती वाटते. आणि पाणी नसेल त्या दिवशी सगळेच. प्रत्येकाचं कारण वेगळं, उपाय वेगळा. तुमच्याकडे सगळ्यांसाठी एकच वाक्य आहे, आणि वर शिट्टी.

सांगणं कामाला येतं तेव्हा कसं येतं, तेही पाहिलंय. मागे वस्तीत काविळीची साथ आली. घराघरात डोळे पिवळे. फ्लेक्स लागले: पाणी उकळून प्या, हात धुवा. लोकांनी वाचले असतील, नसतील. फरक पडला तो आशाताईंमुळे, म्हणजे वस्तीत घरोघरी फिरणाऱ्या आरोग्यसेविकांमुळे. त्या दोघीजणी पाणी यायच्या वेळेआधी आल्या आणि गटारापाशी उभ्या राहिल्या. आमच्या गल्लीत नळाचे पातळ प्लॅस्टिकचे पाइप गटारातूनच गेलेत, जागोजाग जोड, जोडांना सायकलच्या ट्यूबची पट्टी. त्यांनी चारचौघांना बोलावून दाखवलं: पाणी येतं तेव्हा पाइपात जोर असतो, त्यामुळे जोडातून पाणी बाहेर फवारतं. पाणी गेलं, वर कुणी मोटार लावली, की जोर उलटा होतो आणि त्याच फटीतून गटारातलं आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी पहिला हंडा भरतो तो त्याचा. एका पोराने तिथंच सांगितलं की पहिल्या पाण्याला वास येतो. आजवर तो वास सगळ्यांना येत होता, त्याचा अर्थ कुणी लावला नव्हता. ताईंनी हेही सांगितलं की काविळीचा एक प्रकार गरोदर बाईच्या जिवावर बेततो; तेव्हा गल्लीत दोन सुना दिवसांत होत्या. त्या रविवारी पोरांनी वर्गणी काढून पाइप गटारातून उचलले, भिंतीला क्लॅम्प मारून वर घेतले. पहिल्या हंड्याचं पाणी पिण्याला न वापरण्याची सवय बऱ्याच घरांत अजून टिकली आहे.

यात घोषणा नव्हती. बोलणारी बाई ओळखीची होती, जे दाखवलं ते समोर होतं, आणि करायचं काम आमच्या हातातलं होतं. आशाताईंना या समजावण्याचे वेगळे पैसे मिळाले का, ते तुम्हालाच ठाऊक. माझ्या भिंतीचे मात्र स्क्वेअर फुटाने मिळाले.

त्याच गटारावर लहान मुलांना बसवतात. याबद्दल तुमच्या भिंती गप्प आहेत, आणि इथं मात्र आम्हाला सांगायची खरी गरज आहे. लहान मुलाची शी निरुपद्रवी, असं चांगल्या शिकलेल्या घरांतही समजतात. ती कागदात धरून गटारात टाकतात, नाहीतर डायपर गुंडाळून नाल्यात. जंत, हगवण, कावीळ यांना ती लहानाची की मोठ्याची हे कळत नाही. उलट जंत लहानांच्याच पोटात जास्त. पॉटी वापरा, ती संडासात ओता, मग स्वतःचे हात साबणाने धुवा: एवढं सांगणारं एक चित्र अंगणवाडीच्या दारावर काढायला सांगा. मी काढतो. पण मग संडासात लहान मुलांसाठी छोटी सीट आणि ओतायला जागाही द्या.

गाडगेबाबांचं चित्र प्रत्येक संडासावर असतं. डोक्यावर गाडगं, हातात खराटा, मला ते आता डोळे मिटून काढता येतं. हा माणूस गावात आल्यावर दिवसभर झाडायचा आणि रात्री कीर्तनाला उभा राहायचा. आधी काम, मग बोलणं. आणि कीर्तनातही नुसता सांगत नसे, समोरच्यांना विचारायचा, त्यांच्या तोंडून उत्तर काढायचा, त्यांच्याच वऱ्हाडी बोलीत. त्यांचं चित्र तुम्ही उचललंत, क्रम उलटा केलात. आमच्या संडासाला गेल्या पावसाळ्यापासून कंत्राटदाराकडून खराटा आलेला नाही. केअरटेकर स्वतःच्या पैशाने आणतो.

भाषेबद्दल थोडं. खाणीच्या बाजूला कानडी आणि लमाणी बोलणारी घरं आहेत, रुळाच्या बाजूला भोजपुरी, आमच्या गल्लीत सोलापूर-साताऱ्याकडचे. अनेकांना वाचता येत नाही, म्हणजे माझं अक्षर कितीही वळणदार असलं तरी त्यांच्यासाठी ते नक्षीकाम. घंटागाडी मात्र रोज येते आणि तिच्यावर भोंगा आहे. उद्या सकाळी पाणी नाही, आज टाकी उपसणार, दुपारी दोन तास संडास बंद: हे त्या भोंग्यावरून तीन भाषांत सांगायला कितीसा खर्च येतो? रोज तेच गाणं ऐकून लोकांचे कान बधिर झालेत.

आणखी एक तक्रार, जी आमच्याबद्दलही आहे आणि तुमच्याबद्दलही. भांड्यात काय टाकू नये हे कुणी सांगत नाही. गुटख्याच्या पुड्या, शाम्पूच्या पुड्या, पॅड, कापडाचे बोळे सगळं तिथंच जातं, कारण बायकांच्या बाजूला कचऱ्याचा डबाच नाही. मग चोकअप होतं, टाकी लवकर भरते, आणि ते काढायला शेवटी एक माणूस लागतो. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. त्या टाकीतल्या वायूने माणूस हाक मारायच्या आत पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. कुणी उतरवत असेल तर १४४२० या क्रमांकावर कळवायचं असतं. हा क्रमांक मला एका सक्शन गाडीच्या मागच्या बाजूला दिसला, संडासाच्या भिंतीवर कधीच नाही. तिथं सेलिब्रिटीचा चेहरा असतो.

पैशाचंही सांगायला हवं. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना प्रत्येक वेळी पैसे, याविरुद्ध मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' म्हणून चळवळ चालली. तिच्यामुळे बरंच बोललं गेलं. आमच्या नाक्यावर कामासाठी उभ्या राहणाऱ्या बिगारी बायकांना विचारा, अजून काय स्थिती आहे. दर काय आणि कुणाला माफ, हे पाटीवर नसल्यामुळे केअरटेकर सांगेल तो दर.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

एक. प्रत्येक सामुदायिक शौचालयावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत, डोळ्यांच्या उंचीवर हे लिहा: उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ, पाण्याची वेळ, दर आणि कुणाला माफ, देखभाल कुणाकडे, तक्रारीचा क्रमांक, तक्रारीनंतर किती दिवसांत दुरुस्ती. त्याखाली एक काळी चौकट सोडा, जिथं खडूने दोन तारखा लिहिता येतील: टाकी शेवटची कधी उपसली, पुढची कधी. चौकट मी आखून देईन, तारीख तुमच्या माणसाने लिहायची.

दोन. कड्या, दिवे, पाणी आणि बायकांच्या बाजूला झाकणाचा डबा झाल्याशिवाय कुठल्याही संडासाच्या बाहेरच्या भिंतीला रंग लावू नका. हेड वेगळं असेल तर हेड बदला. तो कागद तुमच्याच टेबलावरून फिरतो.

तीन. शिट्ट्या, फुलं, फोटो, पहाटेची पथकं कायमची बंद. बाहेर कोण जातं आणि का, याची विचारपूस करायची असेल तर आशाताई आणि बचत गटाच्या बायका करतील, दिवसाउजेडी, घरात बसून. त्यांना त्या कामाचा मोबदला द्या.

चार. घरगुती संडासाचा लाभ कुणाला, कागद कोणते, किती दिवसांत होकार वा लेखी नकार, हे वॉर्ड ऑफिसच्या दारावर आणि प्रत्येक वस्तीच्या तोंडाशी लिहा. तोंडी नकार देऊ नका.

पाच. रात्री बंद नको. किमान बायकांची बाजू चोवीस तास, उजेडासकट. केअरटेकरची दुसरी पाळी लागेल, लावा.

सहा. आमच्या वस्तीच्या सीटा मोजा, माणसं मोजा, ३५ आणि २५ चा हिशेब घालून तो आकडा जाहीर करा. कमी पडत असतील तर किती, ते आम्हाला कळू द्या. हा आकडा आम्हीही मोजू शकतो. बचत गटाच्या बायकांनी वहीत सुरुवात केली आहे.

पुढच्या सर्वेक्षणाचा मजकूर छापायला किंवा रंगवायला जाण्याआधी आम्हाला दाखवा. बैठक तुमच्या ऑफिसात नको, इथं समाजमंदिरात ठेवा. रविवार चालेल, पण नऊनंतर. त्याआधी सगळे रांगेत असतात.

यंदाच्या ऑर्डरचा रंग घरी आणून ठेवलाय, डबे फोडलेले नाहीत. कड्या लागल्या की भिंतीला हात लावतो. कंत्राटदाराला तसं कळवलं आहे.

कळावे,

पारसिकच्या पायथ्याचा एक पेंटर
(सोबत वस्तीतल्या महिलांच्या अर्जाची प्रत आणि त्यावरचं उत्तर जोडलं आहे)